लागला का व?

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचत आले आणि मनातल्या मनात हसत आले. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाला विहिरीतून हाक ऐकू येते... मी म्हणायची, या लोकांची झोप पुरी होत नाही, दुसरं काय! आमच्या घरात देवधर्मसुद्धा जेवढ्यास तेवढाच. दिवा लावला, हात जोडले, की झालं. भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्या पाहुण्याला बाबा चहा पाजून वाटेला लावायचे. त्यामुळे आज मीच लिहायला बसले आहे, याचं मलाच हसू येतंय. खरं तर हसू येत नाही. पण लिहिते.

आम्ही तुमसरचे. बाबांचं राइस मिलच्या सामानाचं दुकान होतं. पट्टे, पुल्या, बेअरिंगा असलं सगळं. घर दुकानापासून जवळच, पुढे मोठं अंगण आणि रस्त्याच्या बाजूला फाटक. ताई मोठी, तिला वरठीला दिली होती, जावई तिथल्या कारखान्यात. घरी आई, बाबा आणि मी.

सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत कधीतरी बाबांनी नागपुराहून एक जुनी अँबॅसेडर आणली. फिक्कट हिरवी. मिलचा माणूस, यंत्र म्हटलं की त्याला तेलपाणी करायचंच, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. रोज सकाळी आंघोळीच्या आधी गाडी तपासल्याशिवाय चहा नाही. बोनेट उघडायचं, इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघायचं (गरम असताना झाकण उघडणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा हात भाजलेला त्यांनी पाहिला होता, ती गोष्ट ते आम्हाला वारंवार ऐकवत). मग ऑइलची पट्टी काढून फडक्याने पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढून बघायची. चारही चाकं हाताच्या मुठीने ठोकायची. बॅटरीचं आणि ब्रेक ऑइलचं काम रविवारी. स्टेपनीतसुद्धा हवा आहे की नाही ते बघायचे. "कामाच्या वक्ताले स्टेपनीच पंक्चर निंगाली तं मंग बसा बोंबलत," असं म्हणायचे.

आई पदराला हात पुसत म्हणायची, "गाडीचं पानी इतक्या खेपा पाह्यता जी, माही नाडी कधी पाह्यली का?"

"तुह्या नाडीत काय बिघडन व? तू तं घोड्यावानी आहेस."

शेवटचं काम दोघांचं. बाबा आत बसणार, आई गाडीच्या मागे फाटकाशी उभी राहणार. बाबा ब्रेकवर हलकेच पाय ठेवायचे आणि ओरडायचे, "लागला का व?"

आई म्हणायची, "लागला जी."

मग डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर. "हो जी... हा पण हो जी." आई चौथीच्या पुढे शिकलेली नव्हती, गाडीचं स्टिअरिंग तिने कधी धरलं नाही, पण ब्रेकचा लाल दिवा लागला की नाही हे तिने सांगितल्याशिवाय आमची गाडी फाटकाबाहेर पडली नाही. कधी सडा टाकता टाकता, कधी एका हातात झाडू धरून ती उभी राहायची. शेजारच्या बाया चिडवायच्या, "तुमची नोकरी पक्की हाय बाई!" ती म्हणायची, पेन्शन तेवढी बाकी आहे.

एका पावसाळ्यात तिला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग भंडाऱ्याचा दवाखाना. याच गाडीने नेली, याच गाडीने आणली... तुम्हाला समजलं असेल कशी आणली ते. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बाबा इतकी हळू गाडी चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. खड्डा आला की ते ब्रेक दाबत आणि मागे वळून बघत, तिला धक्का तर बसला नाही ना.

तेरवी झाली. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बोनेट उघडलं. पाणी पाहिलं, पट्टी पुसली, चाकं ठोकली. मग आत बसले, ब्रेकवर पाय ठेवला आणि ओरडले, "लागला का व?"

मी स्वयंपाकघरात होते. हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर धावले. वाटलं चुकून, सवयीने तोंडातून गेलं असेल. मी मागे जाऊ लागले तर त्यांनी खिडकीतून हात वर केला.

"तू राहू दे, पोरी."

"अहो बाबा, मी पाहते ना."

"राहू दे म्हनलं न."

आणि ते आरशात बघत थांबले. बराच वेळ. मग गाडी सुरू करून दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज हाक मारायची, थांबायचं, जायचं. मी चिडायची. मला रडू यायचं म्हणून मी चिडायची. एकदा म्हटलं, बाबा, निदान गाडी भिंतीजवळ मागे घ्या, चुन्याच्या भिंतीवर लाल उजेड पडला की कळतं दिवा लागतो ते, कुणी मागे उभं राहायची गरजच नाही. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. मग संध्याकाळी ते दुकानातून आले, की गाडी आवारात वळवताना भिंतीवर लाल उजेड पडतो का ते मीच गुपचूप बघून ठेवायची.

एकदा जेवताना ते आपणहून म्हणाले, "बोलन ते, तुही आई. एखांद्या दिवशी बोलनच. इतके वर्सं रोज बोलली, अशी एकदम कशी चूप राहीन?"

मी त्यांच्या ताटात भात वाढला.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत आम्ही दिघोरीला गेलो. ते आईचं माहेर. आमच्या इकडे धान निघाल्यावर त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, लाखोरी होते, लाखाची डाळ. तिचे वेल उपटून वाळले की लोक ते सरळ डांबरी सडकेवर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वरून गेल्या की दाणे मोकळे होतात, बैल नकोत की खळं नको. मामाने आमची गाडी पाहिली आणि म्हणाला, "भाऊजी, दोन चक्कर मारून द्या न जी आमच्या लाखोरीवरून."

बाबांना कुणाला नाही म्हणता यायचं नाही, आणि आईच्या भावाला तर नाहीच. दोनाच्या पाच-सहा चकरा झाल्या. मी मागच्या सीटवर बसून खालून येणारा करकर आवाज ऐकत होते. वेल चाकांच्या आत गुंडाळले जातात, हे सगळ्यांना ठाऊक. आई असताना ते काढायचं काम तिचं असायचं. चिकाटीने एकेक वेल ओढून काढायची आणि पिशवीत भरून शेजारच्या गाईला आणायची. या वेळी बाबा आणि मामाने वाकून जेवढं हाताला लागलं तेवढं काढलं. तुमसरला येईपर्यंत गाडीने काही कुरकुर केली नाही. ब्रेक नीट लागत होते.

दुसऱ्या दिवशी ताईला आणायला वरठीला जायचं होतं. तिला सातवा लागला होता, पहिलं बाळंतपण, माहेरी. आई नाही तर माहेर कसलं, असं ती पत्रात... नाही, निरोपातच म्हणाली होती. म्हणून बाबा जास्तच हट्टाने म्हणत होते, मी स्वतः आणायला येतो.

सकाळची वेळ. चांगलं ऊन पडलेलं. गाडीचं तोंड घराकडे होतं, मागची बाजू फाटकाकडे. मी अंगणातल्या नळावर भांडी विसळत होते, म्हणजे गाडीच्या समोर. मागचे दिवे मला तिथून दिसूच शकत नव्हते. हे मी नंतर कितीदा तरी त्याच जागी बसून पाहिलं आहे. फाटकापाशी कुणी नव्हतं. शेजारचे लोक लग्नाला गोंदियाला गेलेले, त्यांच्या घराला कुलूप.

बाबा आत बसले. "लागला का व?"

आणि गाडीच्या मागून आवाज आला, "नाही लागला जी."

अगदी साधा आवाज. गूढ नाही, दुरून आल्यासारखा नाही. काम करता करता बोलावं तसा, थोडा घाईचा. इतका साधा की मला काही वाटलंच नाही. बाबांना कधी इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नाही तर मी आईचं बोलणं पुढे पोचवायची, तशीच मी भांड्यावरून मान न उचलता म्हणाले, "बाबा, नाही लागला म्हणते आई."

हे बोलले आणि मग मला समजलं मी काय बोलले.

नळ चालू राहिला. इंजिन अजून सुरू केलेलं नव्हतं, सगळं शांत. बाबा माझ्याकडे काचेतून बघत होते. मग ते उतरले, मागे गेले. तिथे उभे राहिले. इकडे तिकडे पाहिलं. म्हणाले, "तू बस आत. दाब ब्रेक."

मी ओल्या हातांनी आत बसले. पाय ठेवला.

"नाही लागत," बाबा म्हणाले. "जोरात दाब."

मी जोरात दाबला, तर पेडल पायाखालून हळूहळू तळापर्यंत गेलं. खाली गेलं ते गेलंच.

त्या गाड्यांमध्ये मागचा लाल दिवा ब्रेक ऑइलच्या दाबानेच लागायचा. दाब नाही तर दिवा नाही. दिव्याचा बल्ब चांगला होता. गेला होता तो ब्रेक. बाबा खाली वाकले, तर मागच्या चाकाच्या आत जमिनीवर ओलं होतं आणि ब्रेकच्या रबरी नळीला लाखोरीचा वेल घट्ट पीळ देऊन बसला होता. नळी ओढली जाऊन फाटली होती आणि रात्रभरात ऑइल गळून गेलं होतं. वरठीचं रेल्वे फाटक, शिफ्ट सुटल्यावर सायकलींनी भरलेली सडक, आणि येताना मागच्या सीटवर सात महिन्यांची पोटुशी ताई...

मला वाटलं बाबा देवाचे आभार मानतील. आईचे मानतील. ते ओट्यावर बसले. तेलाचे हात तसेच.

"तुले आवाज आला?"

"हो बाबा."

"तिचाच?"

"हो."

"कसं म्हनलं? जसंच्या तसं सांग."

"नाही लागला जी. असं."

"जी म्हनलं?"

"हो बाबा."

त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. "जी म्हनलं म्हनजे मलेच म्हनलं न. तुले कायले जी म्हनन ते? मंग मले काहून नाही आलं ऐकू? मी तं रोज कान देऊन बसून राहिलो..."

आणि बाबा रडले. दवाखान्यात रडले नव्हते, घाटावर रडले नव्हते. त्या सकाळी ओट्यावर बसून ते हमसून रडले, आणि मी त्यांच्याजवळ बसून फक्त नळाकडे बघत राहिले. उठून तो बंद करायचंही सुचलं नाही.

ताईला जावयांनी बसने आणून सोडलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. गाडीला नवी नळी बसली. मी हट्ट करून बाबांना नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, म्हटलं मिलच्या सामानात आयुष्य गेलं, कान अधू झाले असतील, तेवढं तरी कारण मिळेल. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले कान कमी लोकांचे असतात. मला वाटतं, कान खराब निघाले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

हाक मारणं त्यांनी सोडलं नाही. पण आता मला ते नळावर नेऊन बसवायचे. "लागला का व?" म्हणायचे आणि आरशात न बघता माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवायची. नाही बाबा. रोज मान हलवायची. खोटं बोलावं असं कितीदा तोंडावर आलं, पण त्यांनी लगेच विचारलं असतं, जी म्हनलं का? आणि माझ्याने ते झालं नसतं. आवाज पुन्हा कधीच आला नाही. मग मी मागे जाऊन दिवा पाहायची आणि ते कामावर जायचे.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, सासर अमरावतीचं. पाठवणीच्या वेळी ताई रडत होती, मामी रडत होत्या. बाबा सगळ्यांत शेवटी आले. मला वाटलं डोक्यावर हात ठेवतील, सुखी राहा म्हणतील. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "आता ते बोलली तं मले कोन सांगन व?"

गाडी सुटली.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं होते. त्या घरात एकटेच. शेजारचे सांगायचे, रोज सकाळी हाक मारतात, थांबतात, मग जातात. आवाज कसा आला, कुठून आला, मलाच का आला, हे मला आजही माहीत नाही आणि तुमच्यापैकी कुणी समजावून सांगेल अशी आशाही नाही. मला छळतं ते वेगळंच. मी सासरी गेल्यावरच्या त्या सगळ्या वर्षांत आई एकदाही बोलली नाही, की रोजच बोलत होती, हे ऐकून बाबांना सांगायला तिथे कुणीच नव्हतं.