विहिरीवरचा पत्रा

बाबा गेल्यावर महिनाभराने मी विहिरीवर पत्रा बसवून घेतला. कुणी विचारलं तर सांगायचे, पानं पडतात, पाणी खराब होतं. खरं कारण आई होती.

पालघरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. तेराव्यानंतर तिथली खोली सोडून बोईसरपुढच्या या वाडीत तिच्याजवळ राहायला आले. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की ऊन कललं की आई कठड्याला पोट टेकून विहिरीत वाकून उभी राहते. माझी चाहूल लागली की मूठ पदराखाली घेते.

"काय बघतेस?"

"काय नाय. पाणी."

मला ते पटलं नाही. मी तिच्या झोपेच्या गोळ्या लपवल्या, वाडीतला दोर उचलून माळ्यावर टाकला. मग पत्रा. तो बसत असताना आई ओट्यावरून बघत होती. "कुलूप पण लाव," म्हणाली. मी लावलं. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

तीनेक महिन्यांनी पंप पाणी ओढेना, म्हणून पत्रा काढला. आधी कुबट वास आला. मग दिसले बाबांचे मासे, पांढरी पोटं वर करून तरंगणारे. बोटाएवढे, चंदेरी. मासवणकडच्या शेतांतल्या पाण्यातून बाबांनी ते दुधाच्या किटलीत घालून आणले होते. मासे वर आलेले दिसल्याशिवाय ते विहिरीचं पाणी तोंडाला लावत नसत.

शेजारचे काका डोकावून म्हणाले, "कारखान्याचं पाणी, दुसरं काय? जमिनीतून येतंय. आमी कवापासून सांगतो."

मला तेच ऐकायचं होतं. कारखान्यांकडून येणाऱ्या नाल्याचा रंग मी रोज बसमधून बघत होते. दुसऱ्या दिवशी बाटली भरून पालघरला पाणी तपासणाऱ्याकडे दिली. चार दिवसांनी तो म्हणाला, "विषारी काही सापडलं नाही. पाण्यात प्राणवायू मात्र नावालाच आहे. विहीर झाकलीय का?"

"तुम्ही कारखान्यांचंही पाणी तपासता?" मी विचारलं.

त्याला राग आला नाही. "तपासतो. दुसरीकडे द्या हवं तर."

दिलं. तिथूनही तेच आलं. मी पुन्हा त्याच्याकडे गेले, तेव्हा त्याने समजावून सांगितलं. ऊन पडतं तिथे भिंतीला शेवाळ धरतं. ते पाण्यात प्राणवायू सोडतं. मासे शेवाळ खातात, वरून पडलेले किडे खातात, आणि माशांच्या घाणीवर पुन्हा शेवाळ वाढतं. तळाला पानं कुजत असतात, ती प्राणवायू ओढतच राहतात. "तुम्ही ऊन बंद केलंत. खालचं कुजणं तर चालूच होतं."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिने तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

"मीच मारले गं ते," मी म्हणाले.

"आणि मला वाचवत होतीस." तिने सूप खाली ठेवलं. "तुला वाटलं, मी उडी मारणार. दोर नाय दिसला तवाच समजले मी."

"मग मूठ का लपवायचीस?"

तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. "तुझे बाबा रोज भाताची शितं टाकायचे त्यांना. मी म्हणायचे, जावई हायत काय तुमचे? जन्मभर टोमणे मारले. ते गेल्यावर मीच टाकायला लागले, हे तुला कसं दाखवणार?"

मेलेले मासे आम्ही नारळाच्या बुंध्याशी पुरले. माणसं लावून तळाची पानं काढली. पत्रा गोठ्याच्या मागे उभा करून ठेवलाय. भंगारात द्यायला अजून मन होत नाही. नाल्यावरचा माझा संशयही गेलेला नाही. दर पावसाळ्यानंतर मी पाणी तपासून घेणार आहे.

पाऊस संपता संपता भिंतीवर हिरवं दिसू लागलं. मासवणहून किटलीत घालून नवे मासे आणले. आई पुन्हा कठड्याशी उभी राहू लागली आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. परवा तिने मागे न बघताच हाक मारली, "तिथून काय राखण करतेस? ये. तू टाक."

मी गेले. तिने अर्धी मूठ माझ्या हातावर रिकामी केली. शितं पाण्यावर पडली, आणि आम्ही दोघी वाकून वाट बघत राहिलो. तिचा पदर मी मागून धरला होता. तिला ते कळलं होतं. तिने तो सोडवून घेतला नाही.