चाळीस शिपायांचा भात

युद्धावरचे जुने गाजलेले सिनेमे मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिले, आणि त्यातले निम्मे मला आवडले नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण ज्या मंडळींबरोबर मी ते पाहिले त्यांना अजून वाटतं की मला ते कळले नाहीत. कळले. चांगले कळले.

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धावर तास चालू असताना पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, मॅडम, तुम्ही अमुक सिनेमा पाहिला असेल ना? नाही म्हटलं. मग तमुक? तोही नाही. वर्गात खसखस पिकली. इतकी वर्षं महायुद्ध शिकवणाऱ्या बाईनं महायुद्धाचा एक सिनेमा पाहिलेला नाही, याची पोरांना मोठी गंमत वाटली. ती माझ्या डोक्यात गेली. त्याच संध्याकाळी मी यादी केली आणि काळ्या-पांढऱ्यापासून सुरुवात केली.

घरी आम्ही दोघीच, मी आणि माझी आई. आईला मी माय म्हणते. माय अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, कान मात्र तिखट. नंदनवन वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी टीव्ही लावला की तीही खुर्ची ओढून बसायची. सिनेमातली भाषा तिला कळायची नाही. मी मधूनमधून सांगायचे, तर हातानंच गप्प बस म्हणायची. तिला माझी गरज नव्हती.

मी त्या सिनेमांवर चिडायचे. एकामागून एक गोरे साहेब, प्रत्येकाच्या खिशात बायकोचा फोटो. बायको फक्त फोटोत. आपल्याकडचे इतके शिपाई त्या लढाईत गेले, मेले, त्यांच्यातला एक कुठे दिसेल म्हणून मी डोळे ताणून बसायचे, आणि दिसायचा तो चहाचा ट्रे घेऊन आत येणारा आणि मान लववून जाणारा. शिवाय जवळजवळ प्रत्येक सिनेमात एक आचारी. तो लठ्ठ असणार, घाबरट असणार, आणि केव्हातरी हातातल्या भांड्यासकट घसरून पडणार. लोकांनी हसावं म्हणून त्याची नेमणूक झालेली. मला काही हसू यायचं नाही.

मायला रणगाड्यांचं, विमानांचं काही नव्हतं. ती माणसं मोजायची. हे किती असतील वं, म्हणून मला विचारायची. शंभरेक असतील, मी म्हणायचे. मग एवढ्यांचं कोण रांधतं, सकाळी सातला लढाईला निघाले म्हणजे चारला चूल पेटली असेल, पाणी कुठून आणलं, लाकडं ओली तर नव्हती? एकदा तो विनोदी आचारी पडद्यावर आला तेव्हा ती पुढे वाकली आणि म्हणाली की याला डाव धरता येत नाही, यानं जन्मात दहा माणसांचं केलं नसेल. आणि अधिकारी जेवणाचं ताट दूर सारून खिडकीबाहेर बघायला लागला, की मायचा चेहरा असा व्हायचा की मी आवाज कमी करायची. असले सीन या सिनेमांत फार. ताट सारलं की माणूस थोर झाला.

आता मायचं सांगायला हवं. माझी माय पारशिवनीकडच्या एका मुलांच्या वसतिगृहात सव्वीस वर्षं स्वयंपाक करत होती. एकशे चाळीस पोरं, दोन्ही वेळचं जेवण. हे साधं वाक्य उच्चारायला मला अर्धं आयुष्य लागलं. तोवर मी म्हणायची, माझी आई वसतिगृहात होती. ऐकणारा आपोआप रेक्टर समजायचा आणि मी त्याला समजू द्यायची. खोटं एकदाही बोलले नाही. याचा मला अभिमानसुद्धा होता, म्हणजे बघा.

आमच्या घरानं छप्पन साली बुद्धाचा मार्ग धरला, हे गावाला माहीत होतं. माय तिथे लागली तेव्हा मी पाळण्यात होते. पहिल्या दिवशी अकरा पोरांनी तिच्या हातचं जेवायला नकार दिला, ताटं सारली आणि उठून गेली. पुढे ती जेवायला लागली. कशी लागली, ते मायनं सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. शाळेत असताना मी त्या भटारखान्याच्या पायरीवर बसून अभ्यास करायची आणि वर्गातली कुणी मुलगी रस्त्यानं येताना दिसली की आत पळायची.

यादीतले सिनेमे घरी बघता बघता मला एका रविवारच्या मंडळाचा पत्ता लागला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सकाळी दहाला जुना सिनेमा, मग चर्चा, मग तर्रीपोहे. त्या वर्षी त्यांनी युद्धपटच घेतले होते. मंडळ चालवणारे गृहस्थ कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले अभियंते, अतिशय सभ्य, शर्टाला इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री. मी मायलाही घेऊन गेले. ओळख करून देताना सवयीनं तोंडातून निघालं, की आई वसतिगृहात होती. ते म्हणाले, वा, म्हणजे शिस्तीचं काम. तेव्हापासून ते मायला माताजी म्हणायचे आणि पहिल्या रांगेतली खुर्ची तिच्यासाठी धरून ठेवायचे.

चौथ्या रविवारचा सिनेमा बर्फातल्या एका चौकीचा होता. चाळीस शिपाई, तीन आठवड्यांचा वेढा. शेवटच्या लढाईआधी अधिकाऱ्यासमोर ताट येतं. तो बघतो, सारतो आणि बाहेर पडतो. बाकीचेही भरली ताटं टाकून उठतात, संगीत चढत जातं. हॉलमध्ये दोन-तीन जणांनी चष्मे पुसले.

चर्चा सुरू झाली. एकजण सावल्यांवर बोलले, अभियंते नेतृत्वगुणांवर बोलले. मग मी उठले. मला बोलायला आवडतं आणि त्या दिवशी मी सोडलं नाही. म्हटलं, अडीच तासांत एक बाई नाही, एक काळासावळा माणूस नाही, आणि आपण इथे नागपुरात बसून रडतोय ते कुणासाठी? ज्यांची माणसं या सिनेमांनी पुसून टाकली, त्यांनीच टाळ्या वाजवायच्या का? अभियंते हसले आणि म्हणाले, मॅडम, त्या काळाचा सिनेमा त्या काळाच्या चष्म्यातून बघायचा असतो. मी म्हटलं, चष्मा माझा आहे, नंबरही माझाच राहील. वाद चांगला तापला. मला वाटलं मैदान मारलं.

वाद थांबवायला त्यांनी मायकडे मोर्चा वळवला. माताजी, तुम्हाला कसा वाटला?

माय म्हणाली, "चाळीस मानसाचं कोन रांधून राहिलं होतं तिथं? मले एक चूल नाही दिसली."

हॉल हसला. वाईट मनानं नाही, लाडानं हसला, आणि ते जास्त वाईट होतं. कुणीतरी समजावलं की माताजी, सिनेमात स्वयंपाक दाखवत नसतात. माय म्हणाली, ताट सारताना तर दाखवतात. पुन्हा हशा. तेव्हा अभियंते मोठ्या आदरानं म्हणाले, बरोबर आहे, माताजी रेक्टर होत्या, त्यांचं लक्ष मेसच्या व्यवस्थेकडे जाणारच.

मायनं माझ्याकडे पाहिलं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, कारण दोन मिनिटांपूर्वीपर्यंत मीच बोलत होते. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. मायनं पाच सेकंद वाट पाहिली असेल, मग सगळ्यांना हात जोडले.

ऑटोचे पैसे त्या दिवशी तिनंच दिले. घरी येऊन हातपाय धुतले, पलंगावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "त्याईनं तुयी मानसं लपवली म्हनून तू भांडली. अन् मले कोनं लपवलं?"

मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. स्टाफरूम म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक नाही म्हटलं, तिथे आडनाव विचारायच्या आधी गाव विचारतात आणि गावाच्या आधी बाप काय करायचा ते, मी कशी टिकले माझं मला माहीत, असं बरंच बोलले. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. माय ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली की आता मी तिकडे येत नाही. पुढचे तीन रविवार आली नाही. माझ्याबरोबर घरीही सिनेमा पाहिला नाही. मी टीव्ही लावला की ती उठून बाल्कनीत जायची, लसूण सोलायची. एवढा लसूण आमच्या घरात कधी लागला नव्हता.

त्या मंडळात एक रीत होती. प्रत्येक सभासदानं पाळीनं एक सिनेमा निवडायचा आणि आधी दहा मिनिटं त्यावर बोलायचं. माझी पाळी आली. मी मुद्दाम असा सिनेमा घेतला ज्यात आचाऱ्याचं काम बरंच होतं, म्हणजे तो दोनदा पडतो. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहून मी मायला माझं भाषण म्हणून दाखवलं. ती मेथी निवडत होती. वर न बघता तिनं दुरुस्ती केली, की एकशे चाळीस सुरुवातीला होते, "आखरी आखरी एकशे साठ झाले होते, बराबर सांग." मग विचारलं की तिची पांढरी साडी इस्त्रीची आहे का.

रविवारी मी उभी राहिले. आवाज माझा नेहमीचाच होता, चढा. म्हटलं, माझी आई रेक्टर नव्हती. ती सव्वीस वर्षं वसतिगृहाच्या चुलीपुढे उभी होती, आधी एकशे चाळीस पोरांसाठी, मग एकशे साठ. तिच्या हातचं नको म्हणून पहिल्या दिवशी अकराजण उठून गेले, का गेले ते इथे सगळ्यांना न सांगता कळतं. तुमची फसवणूक मी केली, गप्प राहून केली. आणि या सिनेमांनी जे केलं म्हणून मी महिनाभर तुमच्याशी भांडतेय, तेच मी घरी आयुष्यभर केलं. आज आचाऱ्याकडे बघा. हसायचं असेल तर विचार करून हसा.

शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं, हे सिनेमा सुरू झाल्यावर कळलं. आचारी आला आणि हॉल गंभीर झाला. तो सुपानं भरलेला मोठा गंज उचलून निघाला, पाय घसरला, सगळं सूप अंगावर. चिटपाखरू हललं नाही. पन्नास माणसं श्रद्धांजली सभेसारखी बसली होती. त्या शांततेत पहिल्या रांगेतून मायचं हसू आलं. आधी दाबलेलं, मग खांदे हलवून, मग मोकळं. ती मागे वळली आणि म्हणाली, हसा ना गा, पडला तो, मीही अशीच वरणात पडली होती. मग हॉल हसला. मीही हसले. इतक्या सिनेमांत त्या लठ्ठ माणसाला मी पहिल्यांदा हसले.

चर्चेला अभियंते उठले. त्यांनी माझ्या भाषणावर काही टीका केली नाही. मायजवळ जाऊन म्हणाले की गेल्या वेळी तुमचा प्रश्न बरोबर होता आणि मी तो हसण्यावारी नेला, माझं चुकलं. माय म्हणाली, ठीक आहे, बसा. मग मागच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, त्या अकरा पोरांचं पुढे काय झालं?

माय उभी राहिली. खुर्चीच्या पाठीला एक हात धरला.

"मी त्याईचाही भात टाकत होती," ती म्हणाली. "रोज. वार्डन म्हने, काहून टाकतं वं, खात तं नाहीत. मी म्हनलं, खाचं का नाही हे त्याईनं पाहावं. पोट्टे एकशे चाळीस हायेत, मी एकशे चाळीसचं रांधीन. बाराव्या दिवशी सांजच्याले एक पोट्टा दाराशी येऊन उभा राह्यला. म्हने, बाई, भात उरला का? मी म्हनलं, उरला नाही. तुयाच हाय तो."

एवढं बोलून ती बसली आणि मला हातानं खूण केली, पाणी दे म्हणून. सत्तावीस वर्षं मी इतिहास शिकवते, आणि हे मला त्या रविवारी, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा कळलं.