खिडकीखालून हजर

"ए, इथे नाही. मागच्या बाजूला जा. खिडकीखाली उभा राहा." ठाण्याच्या कोर्टाचा पट्टेवाला मला म्हणाला. माझ्या अंगावर पलटणीचा कोट होता, कोटावर बिल्ला. त्याने बिल्ल्याकडे बघितलं, मग माझ्या सावलीकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरला.

मी गेलो. एकवीस वर्षं हुकूम ऐकलेला माणूस, पाय आपोआप वळले. त्याची लाज मला आजही वाटते.

दावा माझाच होता. कल्याणच्या म्युनिसिपालिटीत निवडणुकीने मेंबर घ्यायचं ठरलं, तेव्हा मी उमेदवार म्हणून नाव दिलं. आमच्या महारवाड्याला विहीर नव्हती. बायको भर उन्हात डबक्यावर बसून करवंटीने हंडा भरायची. मेंबर झालो तर विहीर मागता येईल, एवढंच डोक्यात होतं. पेन्शनर होतो, लिहितावाचता येत होतं, घर माझ्या नावावर होतं. पण गावातल्या एका बड्या गृहस्थाने हरकत घेतली. म्हणे, हा वेशीबाहेर राहतो, हा शहराचा रहिवासीच नाही. कचेरीने माझं नाव खोडलं. वेशीच्या आत आम्हाला घर बांधू कोण देत होतं? हेच विचारायला मी कोर्टात आलेलो.

दुपारपर्यंत उभा होतो. मग पुढच्या दारात माझ्या नावाचा पुकारा झाला. मी ओरडलो, "हजर." दुसरा पुकारा. "हजर." तिसऱ्याला तर कवायतीच्या मैदानावर ओरडावं तसा ओरडलो. आतल्या एका कारकुनाने खिडकीतून डोकावलं. नजरानजर झाली. त्याने खिडकी लावून घेतली.

वादी गैरहजर. दावा काढून टाकला.

आठवड्याने ठाण्याच्या साप्ताहिकात छापून आलं: "उमेदवार महाशय कोर्टाकडे फिरकलेच नाहीत. मेंबरकीची हौस मात्र दांडगी." खरं काय ते मी लिहून पाठवलं. छापलं नाही. पुन्हा पाठवलं. ते पाकीट न फोडताच परत आलं.

माझे वकील टेंभी नाक्याजवळ राहायचे. पुकाऱ्याच्या वेळी ते दुसऱ्या कोर्टात अडकलेले. भला माणूस. तरी मी अंगणात आणि ते ओटीवर. त्यांनी लिहिलेला कागद वरून खाली टाकला.

"यावर सही कर. आजारी होतो म्हणून येता आलं नाही, असं लिहिलंय. दावा पुन्हा उभा राहील."

"पण मी आलेलो, साहेब. तिथेच होतो."

"मला माहीत आहे रे. पण कोर्टाला खोटं पाडून कसं चालेल?"

सही केली तर मी तिथे नव्हतोच, हे माझ्याच हाताने लिहून देणार. नाही केली तर दावा मेला, विहीर गेली. मी बोरू उचलला. खरं सांगतो, सही करणारच होतो. मग त्या कारकुनाचे डोळे आठवले. त्याने मला बघितलेलं. बघून खिडकी लावलेली.

कागद तसाच अंगणात ठेवला. "मी हजर होतो," म्हटलं. "दुसरं काही लिहून देणार नाही."

घरी बायकोने विचारलं, "मग आता पाणी?" ती हंडा घेऊन डबक्याकडे गेली.

पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभा राहीन. ते बडे गृहस्थ पुन्हा हरकत घेतील. पुन्हा पुकारा होईल. तेव्हा मी खिडकीखाली नसेन. पुढच्या दाराने आत जाईन, जज्जसाहेबासमोर उभा राहीन आणि न ओरडता हजर म्हणेन. मला बाहेर काढायचं असेल तर पट्टेवाल्याला मला हात लावावा लागेल.