पुढे सरकवलेलं ताट

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट तुमच्या रांगेतून फिरतं, तेव्हा भाकरीचा तुकडा न उचलता ते शेजाऱ्याकडे कोण सरकवतं, हे तुम्ही कधी मान वळवून पाहिलंय का?

मी पाहिलं नव्हतं. मी पहिल्या सतरंजीवर बसायचे. आमची मंडळी, म्हणजे आमचं छोटं चर्च, रोह्यात एका दुकानावरच्या खोलीत भरते. खाली प्लास्टिकच्या बादल्या आणि खुर्च्या विकतात, वर आम्ही गातो. स्टीलच्या ताटात पावाचे तुकडे असतात, त्यांनाच आम्ही भाकर म्हणतो. त्यामागोमाग द्राक्षाच्या रसाचे छोटे प्याले येतात. ताट पुढून निघतं आणि हातोहात मागे जातं. शेवटच्याला मिळेपर्यंत तुकडा हातातच धरायचा, मग सगळ्यांनी एकदम खायचा. शेवटच्या रांगेत, जिन्याच्या दाराजवळ, माझी आत्या बसते. गेली तीन वर्षं ती ते ताट दोन्ही हातांनी घेते आणि तसंच पुढे देते. तिला तिथे मी बसवलंय. पंचमंडळानं ठराव केला, पाळकांनी तो वाचून दाखवला, पण कागद माझा होता.

आमच्या घरात कागदाला फार मान. पप्पा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जातात. त्यांच्या पिशवीत जेवणाचा डबा आणि सुवार्तेच्या पत्रिकांचा गठ्ठा, दोन्ही कायम. सुट्टीच्या दिवशी ते एसटी स्टँडवर उभे राहून पत्रिका वाटायचे आणि मी बरोबर असायचे. लोक घेत, दोन ओळी वाचत, काही जण पुढे जाऊन टाकून देत. टाकलेल्या उचलायच्या, फ्रॉकला पुसायच्या आणि पुन्हा घडी घालायची, हे माझं काम. मी वाचायला शिकले ती या पत्रिकांवर. तिथे प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह असतं. नरकाकडे जाणारा एक रुंद रस्ता, स्वर्गाकडे जाणारा एक अरुंद रस्ता, आणि तिसरा कुठे जात असेल असा प्रश्न कोणी विचारत नाही. मीही विचारला नाही. बाविसाव्या वर्षी मी स्वतः पत्रिका लिहायला लागले, तेव्हा मंडळीतल्या बायका म्हणायच्या, पोरीच्या लेखणीत आग आहे. मला ते फार आवडायचं.

आत्या पेणला राहते. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती गणपतीच्या एका कारखान्यात काम करते. आधी साच्यात शाडू दाबायची, मग रंगकाम, आणि पुढे आखणी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळं रंगकाम झाल्यावर, शेवटी. ते काम कारखान्यात दोघातिघांनाच देतात, कारण तिथे हात चुकला तर सगळ्या अंगाची मेहनत वाया. आमच्यानंतर काही वर्षांनी आत्याही प्रभूत आली, ख्रिस्ताला मानू लागली. कोणी तिच्या मागे लागलं नव्हतं. एका रविवारी ती पहिली एसटी पकडून रोह्याला आली, मागे बसली, आणि मग येतच राहिली. कारखाना तिनं सोडला नाही. तेव्हा कोणी विचारलंही नाही.

एकदा मी तिच्याकडे राहायला गेले होते. तिच्या नखांत सोनेरी रंग होता. मी सहज विचारलं, "आत्या, एवढ्या बारीक रेषेला तुझा हात हलत नाही का गं?"

"हलतो तर," ती म्हणाली. "म्हनून रेघ ओढायच्या आदी श्वास रोखते न् बोलते, प्रभू, हात तुझा हाय, मी सोडलाय. मग नाय हलत." आणि हसून पुढे म्हणाली, "कुनाला सांगू नको गो. लोकांना काय, दोनी बाजूचे लोक मारतील मला."

मी सांगितलं नाही. मी छापलं.

माझ्या पत्रिकेचं नाव होतं 'रंगवलेले डोळे पाहत नाहीत'. त्यात कोणाचं नाव नव्हतं. एवढंच लिहिलं होतं, की आपल्यातलीच एक बहीण मूर्तीसमोर बसते, डोळे मिटून प्रभूचं पवित्र नाव घेते आणि मग त्या मूर्तीला डोळे देते. आपण हे किती दिवस चालू देणार? पुढे तीन उद्गारचिन्हं. मंडळीत आखणी करणारी एकच बाई होती. वाचल्यावर खोलीतल्या सगळ्या माना एकदम मागे वळल्या. माझी वळली नाही. मी माझ्या वाक्याकडे बघत होते.

त्याच महिन्यात ठराव झाला. कारखाना सोडेपर्यंत बहिणीला शिस्तीखाली ठेवावं. उपासनेला यावं, भोजन घेऊ नये. पाळकांनी तिला विचारलं, काही बोलायचंय का. आत्या उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "तो बोलंल ब्रश ठेव, त्या दिवशी ठेवीन. अजून नाय बोलला." खाली बसली. मला तेव्हा तो उद्धटपणा वाटला.

पप्पांनी ती पत्रिका पेणच्या स्टँडवरही वाटली. व्हायचं तेच झालं, एक प्रत कारखान्याच्या मालकांच्या हाती पडली. आता हिला काढून टाकतील, असं पंच म्हणाले, आणि म्हणाले ते दुःखानं नाही. मालकांनी आत्याला बोलावलं. पत्रिका पुढे ठेवली.

"ही तूच काय?"

"व्हय."

"लिवलंय कुनी?"

"माजी भाची हाय."

मालकांनी म्हणे पत्रिका पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "नाव घेऊन तुजा हात स्थिर राहतो ना? मग घे. आमच्या बाप्पाला त्याचा राग असता, तर त्यानं तुज्या हातून डोळे काढून घेतले नसते." आणि पत्रिकेची घडी घालून खिशात ठेवली. ज्यांच्या देवाबद्दल मी तसं लिहिलं, त्यांनी तिला बसायला पाट दिला. आम्ही तिला जिन्याजवळ बसवलं. हे वाक्य लिहिताना माझा हात हलतोय, आणि कोणाचं नाव घेऊन तो थांबवावा हे मला कळत नाही.

पुढच्या वर्षी पप्पांच्या मोटरसायकलला वडखळच्या पुढे अपघात झाला. पाय मोडला, बरगड्या गेल्या. पेणच्या एका दवाखान्यात आठ दिवस ठेवलं होतं. मंडळीच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं आली, पानंच्या पानं. तिसऱ्या दिवशी पाळक आणि दोन पंच आले. प्रार्थना झाली. जाताना एक पंच खाटेजवळ वाकून पप्पांना म्हणाले, "भाऊ, मनात काही लपलेलं पाप असेल तर याच वेळी कबूल करा. प्रभू उगाच हात लावत नाही." पप्पांनी डोळे मिटून घेतले. बरगड्यांमुळे त्यांना रडताही येत नव्हतं.

आत्या रोज सकाळी कामावर जायच्या आधी यायची. पातळ पेज, कधी उकडलेलं अंडं. पप्पांचं तोंड पुसायची, बेडपॅन द्यायची. धाकटी बहीण असून त्यांना दटावायची, "तोंड उघड रे दादा, पत्रिका वाटताना कसं उघडायचास?" पप्पा हसायचे आणि कळवळायचे. पाप, ठराव, कागद, यातला एक शब्दही तिच्या तोंडी आला नाही.

पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. दवाखान्याच्या नळावर ती डबा धूत होती. मी म्हटलं, "आत्या, ती पत्रिका मी लिहिली."

"मना म्हायत हाय. तूच लिवतेस ना समद्या." तिनं डबा झटकला. "एक चूक हाय त्यात."

"कोणती?"

"तू लिवलंस, डोळे मिटून नाव घेते. खुळे, डोळे मिटले तर आखणी कशी करीन?"

मी रडायला लागले. म्हटलं, "रागव ना माझ्यावर. काहीतरी बोल."

"रागवून काय करू? हात सोपवला तवा तुलाबी सोपवलं त्याच्याकडं." मग ओला हात माझ्या पाठीवर ठेवून म्हणाली, "लय जड होतीस गो."

समर्पण हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय. सगळं प्रभूच्या हाती सोपवा. त्याचा अर्थ आमच्याकडे बहुतेक वेळा एवढाच असतो, की दुसऱ्याचं दुखणं आपल्या हातातून काढायचं. स्वतःच्या हातातलं काही आम्ही सोपवल्याचं मला आठवत नाही. कोणी कुठे बसायचं, कोणाला भाकर मिळायची, कोणाचं पाप मोठं, हे सगळं आम्ही घट्ट धरून ठेवलंय.

पप्पा घरी आल्यावर मी पंचमंडळापुढे उभी राहिले. म्हटलं, माझा कागद चुकीचा होता. मी विश्वासघातानं मिळवलेली गोष्ट लिहिली. ठराव मागे घ्या.

"तिनं कारखाना सोडला का?" पाळकांनी विचारलं.

"नाही. आणि अष्टमी गावातल्या त्या दुकानात दरवर्षी मखरं आणि लायटिंग विकतात, ते कोणी सोडलंय?" दुकान माझ्यासमोर बसलेल्या पंचांचं होतं. दवाखान्यात खाटेवर वाकले होते तेच.

"मखर म्हणजे मूर्ती नव्हे, बहीण," ते शांतपणे म्हणाले. "तो धंदा आहे."

"मग आत्याचं काय आहे?"

पाळक म्हणाले, "आपण हा विषय प्रभूच्या हाती सोपवू."

"ताट तर तुमच्या हाती आहे," मी म्हटलं. तेव्हापासून माझ्या लेखणीतल्या आगीचं कौतुक बंद झालं. माझ्यासाठी प्रार्थना सुरू झाली.

यंदा पावसाळ्याच्या आधी आत्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वयाचं कारण सांगितलं. श्वास रोखूनही रेघ हलायला लागली, तेव्हा तिनं स्वतःच ब्रश धुतला आणि मालकांना नेऊन दिला. मालकांनी तो परत तिच्या हातात ठेवला. नव्या मुलींना शिकव म्हणाले. ती जाते, बाजूला बसते, सांगते.

ही बातमी मंडळीत पोचली. मला वाटलं, निदान आता तरी. पंच आनंदले. बघा, म्हणाले, आपण नाही सोडवू शकलो, प्रभूनं सोडवलं! आता बहिणीनं एका रविवारी उभं राहून साक्ष द्यावी, की माझं चुकलं, प्रभूनं माझा हात थांबवला. मग भोजनाला काही अडचण नाही.

निरोप घेऊन मलाच पाठवलं. आत्यानं ऐकलं. थरथरता हात दुसऱ्या हातानं धरून बसली होती.

"तो हात त्यानं वरसानुवरसं धरला गो. आता सोडला. का सोडला, तो जाने. मी उभी राहून बोलू, की तवा धरलंस ते चुकलं? खोटं बोलून भाकर खाऊ?"

"मग कधीच नाही मिळणार, आत्या."

"नाय तर नाय." मग हळूच म्हणाली, "वाईट वाटतं गो. भूक लागल्यावानी वाटतं."

तीन वर्षांत तिनं पहिल्यांदा तक्रार केली.

गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मागे जाऊन तिच्या शेजारी बसले. ताट आलं. मी ते तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "आधी तू."

तिनं तुकड्यांकडे पाहिलं. तिचा हात उठला, थरथरला, आणि तिनं तो मांडीवर परत ठेवला. "तू एकटीनं दिलेलं घेतलं, तर ते तुझं व्हईल. ते समद्यांचं हाय. समद्यांनी द्यावं."

मग मीही तुकडा न घेता ताट पुढे सरकवलं. आता शेवटच्या रांगेत आम्ही दोघी आहोत. पप्पा काठी टेकून पुढच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं. हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग तो तोंडात घातला. ज्या बहिणीनं त्यांना आठ दिवस भरवलं, तिच्यासाठी ते एवढंही थांबले नाहीत. त्यांच्यावर मी अजून रागावलेली आहे. आत्या नाही. त्यामुळे मला आणखी राग येतो.

पत्रिकेच्या शेवटी एक चौकोन असतो, तिथे वाचणाऱ्यानं काय करायचं ते लिहायची पद्धत आहे. इथे चौकोन नाही, पण मागणं आहे. माझी ती जुनी पत्रिका कुठे सापडली तर फाडून टाका. आणि तुम्ही कुठल्याही मंडळीत बसत असाल, तर येत्या पहिल्या रविवारी ताट तुमच्या हातात आलं की खाण्याआधी एकदा मागे वळा. कोणी न घेता ते पुढे देत असेल, तर त्याला काही विचारू नका, समजावू नका. उठा, तुमचा तुकडा तसाच हातात ठेवून त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि तो खाईपर्यंत तुम्हीही खाऊ नका.