एकशे अठ्ठावीसची जागा

"मावशी, इकडे या. कडेला उभ्या राहा. हे कार्ड धरा. करायचं काही नाही, नुसतं धरायचं."

कार्डावर शून्य होतं.

आठवीच्या वर्गात संगणकाचा तास चालला होता. मी खडूचा डबा द्यायला गेले होते. खाडीकाठच्या हायस्कुलात मी शिपाई आहे. घंटा देते, किल्ल्या सांभाळते, पाणी भरते. एकोणीस वर्षं झाली.

सर मुलांना दाखवत होते की संगणक दोनच खुणा ओळखतो, शून्य आणि एक, आणि तेवढ्यातून सगळे आकडे लिहितो. सात मुलं रांगेत उभी. प्रत्येकाच्या हातात कार्ड, एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला एक. सर आकडा सांगत, मुलं कार्डं फिरवत.

एका मुलाने विचारलं, "सर, आठव्या जागेवर मी येऊ?"

सर म्हणाले, "ती जागा शून्यच राहणार. तिथे मूल कशाला वाया घालवू? मावशींच्या वाडीला टोकाला राहायची सवय आहे."

वर्ग हसला. आमची वाडी ओढ्यापलीकडे, गाव संपतो तिथे. ती तिथे का, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या बाकावर माझी लेक होती. ती हसली नाही. तिने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही.

सरांनी आकडे सांगितले. पाच. एकोणीस. बेचाळीस. शंभर. माझं कार्ड एकदाही फिरलं नाही. हात भरून आले. आकडे मात्र मी लक्षात ठेवले. खोडच आहे माझी.

संध्याकाळी लेकीची वही उघडली. तिसऱ्यांचं कालवण झालं होतं, त्यातले आठ शिंपले धुऊन पायरीवर मांडले. पालथा म्हणजे शून्य, उताणा म्हणजे एक. वहीत लिहिलं होतं, उजवीकडची पहिली जागा एकाची, मग दोन, चार, आठ, दर जागेला दुप्पट.

माझ्या उजव्या हाताला कुणीच नव्हतं. म्हणून मी समजले, एकाची जागा माझी. सगळ्यांत हलकी. पण पाच आणि एकोणीस एकाशिवाय होत नाहीत. माझं कार्ड तर शून्यच होतं. तीनदा मांडलं. मग लक्षात आलं. मी वर्गाकडे तोंड करून उभी होते. माझं उजवं ते वर्गाचं डावं.

माझी जागा एकशे अठ्ठावीसची होती. बाकीच्या सातांनी सगळी कार्डं फिरवली तरी बेरीज एकशे सत्तावीस. मी एकटी त्याहून एक जास्त.

जागा शून्याची नव्हती. सरांनी तिथवर मोजलंच नव्हतं.

शनिवारी पालकसभा. तोच खेळ पालकांना दाखवायचा होता. "मावशी, या, तुमची शून्याची जागा रिकामी आहे." पालकही हसले.

मी जाऊन उभी राहिले. सरांनी सदतीस सांगितले. मी शून्य धरलं. सदतीसला तेच बरोबर होतं, चुकीचं कार्ड मी दाखवणार नव्हते. मग म्हटलं, "सर, आता एकशे अठ्ठावीस घ्या."

"गरज नाही."

"मग ही जागा शून्याची नाही, एवढं सगळ्यांसमोर सांगा."

मागून एक पालक म्हणाला, "बाये, आकडो कित्याक व्हयो तुका? जा, घंटा मार."

पुन्हा हसणं. सरांनी घड्याळ पाहिलं. "घंटेची वेळ झाली, मावशी."

मी हलले नाही. कार्ड छातीशी धरून उभी राहिले. एकोणीस वर्षांत घंटा चुकली नव्हती. त्या दिवशी चुकली. शेवटी मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन दिली. आकडा कुणी विचारला नाही.

सोमवारी मेमो मिळाला. घंटेला दहा मिनिटे विलंब. पालकांसमोर उद्धट वर्तन. लेखी माफी द्यावी.

लेक दोन दिवस बोलली नव्हती. मेमो वाचून म्हणाली, "आये, माफी माग गो. प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्याच हातात आसत."

"तुका माझी लाज वाटली?"

"पयल्या दिवशी वाटली," ती म्हणाली. "आता भय वाटता."

तिचं भय खरं आहे. मी उभी राहिले त्याचा दंड तिच्या मार्कांतून कापला जाईल, हे मला कळतं. ते कळून मी उत्तर लिहिलं. तिच्यासमोर, तिच्याच पेनाने.

"घंटेला विलंब सात मिनिटे झाला, दहा नव्हे. तेवढा मला मान्य आहे. आठवी जागा एकशे अठ्ठावीसची आहे. ती शून्याची म्हणून मला तिथे उभे केले. माफी मी मागणार नाही. पुन्हा रांग लागेल तेव्हा, बोलावले नाही तरी, मी त्याच जागी उभी राहीन आणि तो आकडा विचारीन."

खाली सही केली. आवक रजिस्टरला नोंद करून घेतली. मग घंटा दिली. वेळेवर.