खिळ्यांत लिहिलेली त्रेचाळिसावी कादंबरी

इंद्रसेन या हेराला पहिल्या एक्केचाळीस कादंबऱ्यांत एकदाही भूक लागत नाही. तो बर्लिनहून बैरूतला जातो, तीन-तीन रात्री जागतो, गच्चीवरून गच्चीवर उड्या मारतो, पण जेवत नाही. बेचाळिसाव्या कादंबरीच्या मध्यावर तो अचानक एका ठेल्यासमोर थांबतो आणि गरम भजी खातो. तिथून पन्नासाव्या कादंबरीपर्यंत तो वेळेवर जेवतो. इंद्रसेनच्या वाचकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. मूळ लेखक द. ह. नेरकर कुठे संपले आणि दुसरा कोणी कुठे सुरू झाला, याची खूण म्हणून त्या गटात या भज्यांकडे बोट दाखवतात.

ती भजी प्रभाकरराव झाडे यांची. वय पंचाहत्तर, राहणार नालवाडी, वर्धा. ते वर्ध्याच्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाची एकेक अक्षरं, खिळे, जोडून मजकूर तयार करायचे. नेरकर अमरावतीला राहत आणि कादंबरी प्रकरणाप्रकरणाने एसटीच्या पार्सलने पाठवत. १९८२ साली बेचाळिसावी अर्धी झालेली असताना ते वारले. पुस्तक दर महिन्याच्या एक तारखेला वाचनालयांत जायला हवं होतं. मालकांनी प्रभाकररावांना बोलावून सांगितलं, एक्केचाळीस पुस्तकं तू जुळवली, याचा शेवट तुले माहीत असनच.

लिहून काढून मग जुळवायला वेळ नव्हता. प्रभाकरराव खिळ्यांच्या खणांसमोर उभे राहिले आणि मनात येईल ते वाक्य थेट हातातल्या पट्टीत जुळवत गेले. एखादं अक्षर संपलं तर ते अक्षर नसलेला शब्द शोधायचा. ‘ळ’ नेहमी कमी पडे, म्हणून त्यांच्या पुस्तकांत काळोख नाही, अंधार आहे. पुढे वेळ मिळू लागला तरी पद्धत बदलली नाही. सोळा पानं छापून झाली की खिळे सुटे होऊन आपापल्या खणात जात. नऊ पुस्तकं अशी झाली, बेचाळिसाव्याचा उरलेला अर्धा भाग धरून. सगळ्यांवर नाव नेरकरांचं. कागदाचा कपटाही उरला नाही. मालक वारले, छापखाना भंगारात गेला.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीने त्रेचाळिसाव्या कादंबरीवर, ‘खबऱ्या नंबर सात’वर, सिनेमा काढायचं जाहीर केलं. गटात भांडण पेटलं. नेरकरांची नात हर्षा नागपूरला असते. तिने लिहिलं की आजोबांची पुस्तकं एक्केचाळीस आहेत, पुढची कोणी तरी त्यांच्या नावावर खपवलेली आहेत, सिनेमा काढायचा तर खऱ्यावर काढा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की खऱ्या एक्केचाळिसांत माणूसच नाही, नुसती विमानतळांची नावं आहेत. त्रेचाळिसावी एका लहान गावात घडते, छापखान्यात घडते, तिच्यात घाम आहे.

प्रभाकरराव गटात कधी लिहीत नसत. त्या दिवशी त्यांनी लिहिलं. “४२ ते ५० हे भरताड आहे. घाईत केलेलं काम आहे. यावर सिनेमा काढू नये.”

सावंगीला नर्सिंग शिकणाऱ्या अपेक्षा नावाच्या मुलीने उत्तर दिलं. “काका, तुम्ही ४३ नीट वाचलं नाही. ते ज्याने लिहिलं त्याने असा माणूस जवळून पाहिला आहे.”

तो माणूस चिंधू होता, आणि प्रभाकररावांना सिनेमा नको होता तो चिंधूसाठी.

चिंधू त्याच छापखान्यात मशीनमन होता, पायाने चालवायच्या ट्रेडल या छपाईयंत्रावर. आणीबाणीत ओमप्रकाश नावाचे एक व्यापारी आपल्या गोदामात रात्री चोरून पत्रकं काढत, आणि चिंधू त्यांना मदत करी. पोलिसांनी चिंधूला उचललं. त्याचा मुलगा अंकुश तेव्हा दोन वर्षांचा होता, तापाने दवाखान्यात होता. नाव सांग नाही तर पोराचं तोंड पाहू देत नाही, असं एका जमादाराने सांगितलं. चिंधूने दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाम दाखवलं. ओमप्रकाश चौदा महिने नागपूरच्या तुरुंगात होते. त्या चौदा महिन्यांत त्यांच्या घरचं दळण, लाकडं, मुलांची शाळा चिंधूने पाहिली. सुटून आल्यावर ओमप्रकाश चार माणसांत म्हणाले की सगळे पळाले, हा एक उभा राहिला. दुकानामागची खोली त्यांनी चिंधूला दिली. ओमप्रकाश गेले, आता त्यांचा मुलगा कैलास दुकान पाहतो. तो चिंधूला बाबा म्हणतो, आणि बाबांचं ताट घरातून जातं.

खरं काय झालं ते चिंधूने एकाच माणसाला, प्रभाकररावांना, सांगितलं. कागद यायचा होता, मशीन बंद होतं, दोघे बसून होते. वर्षभराने प्रभाकररावांना त्रेचाळिसाव्यासाठी फितूर हवा होता. त्यांनी गोदाम घेतलं, ट्रेडल घेतली, तुरुंगातल्या माणसाच्या घरी दळण पोचवणारा मित्र घेतला. ताप आलेलं पोर घेतलं नाही. त्याऐवजी स्कूटर घातली. तेव्हा स्कूटरसाठी आठ-आठ वर्षं नंबर लागत असे. पुस्तकातल्या मशीनमनला ती फितुरीच्या बदल्यात ताबडतोब मिळते. शेवटी इंद्रसेन त्याला गोळी घालतो.

ते पुस्तक चिंधूनेच छापलं. त्याला वाचता येत नाही. ओळ सरळ बसली की नाही हे तो वरच्या शिरोरेषेवरून ओळखत असे.

प्रभाकररावांनी हर्षाला फोन केला. आपण छापखान्यात होतो एवढंच सांगितलं आणि मागे हटू नका म्हणाले. तिला आनंद झाला. तीन महिन्यांनी तिने गटात लिहिलं की पडद्यावर आजोबांचं नाव सर्वांत आधी येणार आहे, त्यामुळे कुटुंबाची हरकत राहिलेली नाही. मुखपृष्ठावर नाव नेरकरांचं, म्हणून हरकत घ्यायचा हक्क त्यांच्या घरच्यांनाच होता, आणि ते आता राजी होते.

मग दिग्दर्शक धीरज जागा पाहायला वर्ध्याला आला. प्रभाकरराव त्याला लॉजवर जाऊन भेटले.

“ते पुस्तक मी लिहिलं आहे,” ते म्हणाले.

“काका, असं सांगणारे तुम्ही सहावे,” धीरज म्हणाला. तो चांगला मुलगा होता, त्याने आधी खुर्ची दिली. “एक तर यवतमाळचे होते, त्यांच्याकडे वही तरी होती. तुमच्याकडे काय आहे?”

प्रभाकररावांनी खिळ्यांचं सांगितलं. धीरजने ते मन लावून ऐकलं, दोन-तीन गोष्टी फोनमध्ये टिपूनही घेतल्या.

“हे सिनेमात घेतो,” तो म्हणाला. “पण हा पुरावा नाही ना होत. आणि समजा, तुम्हीच लिहिलं. मग तुम्हाला काय हवंय?”

“सिनेमा नको.”

“का?”

“वाईट आहे ते पुस्तक.”

“लोक चांगलं पुस्तक आपलं म्हणून सांगतात. तुम्ही वाईट आपलं म्हणताय. निदान नवीन आहे हे.”

“मग त्याला मशीनमन ठेवू नका. पोस्टमन करा. कंपाउंडर करा.”

“काका, मशीनमन काढला तर माझ्याकडे नुसतं भजी खाणारा हेर उरतो.”

खरं कारण सांगायचं तर ते सांगतानाच चिंधूचं नाव घ्यावं लागणार होतं. प्रभाकरराव उठले. धीरज दारापर्यंत आला आणि म्हणाला, ट्रेडल चालवलेला कोणी जुना माणूस असेल तर सांगा, आमच्या नटाला शिकवायचंय. प्रभाकररावांनी कोणी राहिलं नाही असं सांगितलं. संध्याकाळपर्यंत धीरजला तीन जणांनी चिंधूचं नाव सुचवलं, त्यांत पहिला कैलास.

ट्रेडल हिंगणघाटच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून आणली होती आणि बंद पडलेल्या तेलघाणीच्या शेडमध्ये बसवली होती. कैलास चिंधूला रोज गाडीने नेई. प्रभाकररावही जात. आपण तिथे असून काही थांबणार नाही हे त्यांना कळत होतं, पण घरी बसवत नव्हतं.

चिंधू सत्त्याहत्तरचा आहे. पंचवीस वर्षांनी मशीन समोर आलं तेव्हा त्याने आधी तेल मागितलं. नट पुण्याचा, स्वप्निल नावाचा.

“बाबा, हात असा ठेवू?”

“हात मंग. आधी पाय. पाय चुकला का बोट गेलं समज. माह्ये धाच्या धा हायेत, मोजून घे.”

“आणि बघायचं कुठे?”

“कागदाकडं. कॅमेऱ्याकडं पाह्यशीन त लग्नात अक्षता टाकाले एकच बोट राहीन.”

सगळे हसले. कैलास सगळ्यांत जास्त. “आमचे बाबा हिरो होऊन राह्यले,” तो लाइटवाल्यांना सांगत होता.

तिसऱ्या दिवशी स्वप्निल पंधरा-वीस कागद न चुकता काढू लागला. मग स्टुलावर बसून त्याने विचारलं, “बाबा, एक सांगा. हा जो मी करतोय ना, मशीनमन, तो आपल्या मित्राचं गोदाम पोलिसांना दाखवतो. मित्र आत जातो. हा त्याच्याच घरी दळण नेऊन देतो. मला तो कळत नाहीये. त्याने का सांगितलं असेल?”

चिंधू मशीनवर होता. आणखी चार कागद निघाले. मग त्याने पाय उचलला.

“लेकरू बिमार असन त्याचं,” तो म्हणाला.

कैलास थर्मासमधून चहा ओतत होता. “नाई बाबा, स्कूटर पायजे होती त्याले. हे म्हणतेत ना, पुस्तकात तसंच हाये. लय हरामी दाखवला.”

“हो, स्कूटरच आहे,” स्वप्निल म्हणाला. “लेकरू वगैरे नाही.”

“स्कूटर,” चिंधू म्हणाला. त्याने पुढचा कागद लावला. तो सरळ लागला.

परतताना कैलासने दोघांना दुकानाशी उतरवलं आणि गाडी लावायला गेला. दोघे खोलीच्या ओट्यावर बसले.

“आपल्याच प्रेसचं पुस्तक हाये ते?” चिंधूने विचारलं.

“हो.”

“मीच छापलं?”

“तूच छापलं.”

“नेरकर साहेबाले कसं मालूम झालं मंग?”

“ते मेले होते तवा.”

समोर कैलासच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या.

“मले सायकलबी धड येत नव्हती, प्रभाकर,” चिंधू म्हणाला. “स्कूटर काऊन लिवली?”

चाळीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. उत्तर मात्र तयार होतं, कारण ते त्यांनी पुस्तक जुळवतानाच स्वतःला दिलं होतं.

“लेकरू लिवलं असतं त इंद्रसेनले त्याले मारता आलं नसतं.”

“मंग नसता मारला,” चिंधू म्हणाला.

शिकवण्याचे दोन दिवस राहिले होते. चिंधू दोन्ही दिवस गेला, स्वप्निलचा पाय बसवून दिला, मशीन पुसून त्यावर पोतं टाकलं. त्याच्या पुढच्या सोमवारी तो आंजी गावी मुलाकडे, अंकुशकडे, निघून गेला. एक पिशवी नेली. खोलीला कुलूप न लावता कडी घातली आणि कैलासच्या बायकोला सांगितलं की ताट पाठवजो नको.

अंकुशचं घर दोन खोल्यांचं आहे, शेतात आहे, आणि बापलेकाचं फारसं कधी जमलं नाही. प्रभाकरराव एकदा आंजीला जाऊन आले. चिंधू गोठ्याजवळ बसला होता. त्याने पाणी दिलं, पावसापाण्याचं विचारलं. अंकुश पन्नाशीचा आहे. त्या तापाबद्दल त्याला काही आठवत नाही. प्रभाकरराव शेवटच्या बसने परत आले.

सिनेमा तयार झाला आहे. दिवाळीनंतर लागेल म्हणतात. गटात त्याची जाहिरात फिरते आणि खाली वाद चालू असतो, पुढच्या लेखकाच्या पुस्तकांवर सिनेमा काढावा की नाही. अपेक्षाने परवा लिहिलं की लेखक कोणीही असो, माणूस खरा वाटतो.

गेल्या आठवड्यात कैलास त्यांच्याकडे आला होता. खुर्चीच्या टोकावर बसला.

“काका, बाबा काऊन गेले? आमच्या घरात कोनी काई बोललं काय? मी बायकोले विचारलं, पोरांले विचारलं. ती म्हणते नाई.”

“नाई. तुमच्याकडून काही नाई.”

“मंग तुम्ही समजावा ना त्यायले. तुमचं आयकतेत ते. माहा बाप मरताना सांगून गेला का चिंधूले अंतर देजो नको. लोक मले विचारून राह्यले.”

प्रभाकरराव पाहतो म्हणाले.

“असं करू,” कैलास उठताना म्हणाला. “पिच्चर लागला का गाडी काढू, आंजीले जाऊ, बाबाले घेऊ आन् पहिल्याच खेळाले बसू. ते मधात, आपन दोघं दोन बाजूनं. त्यायनं शिकवलेलं काम हाये, नाई कसं म्हनतीन?”

जिना उतरता उतरता त्याने तीन तिकिटं आधीच सांगून ठेवल्याचं सांगितलं.