मीटरखालची मशीन

लोक म्हणे पृथ्वी वाचवायची म्हणून कमी विजेचे पंखे घेतात. घेत असतील बापडे. मी घेतले ते मोठ्या जावेचं नाक कापायला, आणि मला त्याची अजून लाज वाटत नाही.

पाथरीत आमचं घर एक, चुली दोन आणि विजेचं मीटर मात्र एकच. पुढच्या खोल्या थोरल्या दिरांच्या, मागच्या आमच्या. बिल सासरे पेन्शनीतून भरायचे. ते आलं की ओसरीत बसून आकडा मोठ्यानं वाचायचे, आणि जास्तीची वीज कुणी जाळली याचा निकाल अक्का द्यायच्या. अक्का म्हणजे माझी जाऊ. निकाल दर वेळी माझ्याच विरुद्ध लागायचा.

अक्कांच्या लग्नात त्यांच्या भावांनी फ्रीज दिला होता. गल्लीतला पहिला. बायका नुसता बर्फ बघायला यायच्या, असं अक्का सांगायच्या, आणि ते खरंही असेल. फ्रीजवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं. दाराचं रबर फाटून कैक वर्षं झाली होती, म्हणून दार परकराच्या नाडीनं बांधलेलं. तरी दिमाख असा, की पाहुणा आला की आधी पाणी नाही, आधी फ्रीजचं दर्शन.

मला माझ्या वडिलांनी शिलाई मशीन दिली होती. झरी गावच्या त्या माणसानं मजुरी करून दिलेली, साधी, पायाची. ब्लाउज आणि शाळेचे ड्रेस शिवून शिवून मी तिला मोटार बसवली. कुणाकडे हात न पसरता घेतलेली ती माझी पहिली वस्तू. मोटार लागल्यावर काम झरझर उरकायचं. मी गुणगुणायलासुद्धा लागले होते, आणि तेच बहुतेक खुपलं.

एका उन्हाळ्यात बिल जबर आलं. अक्का म्हणाल्या, "मामा, हिची मोटार बगा की! वीज खायलीय म्हणूनच वरडायलीय ती. फ्रीज बगा कसा गप उभा हाय."

आवाज करतं ते वीज खातं, हा आमच्या घरातला कायदा. मिक्सर गुन्हेगार, मोटार गुन्हेगार. गप उभं राहणारं सगळं निर्दोष. सासरे म्हणाले, "काढून ठिव बाई तेवढी. पायानं चालव. आमच्या टायमाला कुठं व्हत्या मोटारी?" माझे मालक पेपर वाचत होते. ते पान त्यांनी बराच वेळ उलटलं नाही.

मी चोरून लावू नये म्हणून अक्कांनी मोटार स्वतःच्या ताब्यात घेतली आणि फ्रीजवर, त्या रुमालाखाली ठेवली. वर आवाजानं डोकं उठतं म्हणून मशीनही ओसरीत काढली. पुढच्या महिन्यात बिल तेवढंच आलं. मी म्हणाले, आता तर मोटार न्हाई. तर अक्का म्हणतात, "तुज्या मोटारीनं मीटरच बिघडवून ठिवलंय, आता काय!" आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली गत. मग गुन्हेगार माझी इस्त्री झाली, मग माझा पंखा झाला.

मी पायानं शिवत राहिले. दोन्ही गुडघे सुजले. निर्गुंडीचा पाला गरम करून बांधायचा आणि पुन्हा बसायचं. मध्येच थांबले की मशीनची खडखड थांबायची आणि आतून अक्कांचा आवाज यायचा, "का गं, दुखायलंय का?" त्यात काळजी नव्हती, चव घेणं होतं. मी म्हणायचे, "न्हाई."

पण त्यांनी एक चूक केली. मला ज्या कोपऱ्यात ढकललं, तिथं डोक्यावर मीटर होतं.

मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो. जितकी वीज जास्त, तितका तो घाईत. वर्षानुवर्षं मान वर केली की तेच दिसल्यावर माणूस दुसरं काय बघणार? भरदुपारी पंखे बंद, दिवे बंद, घर झोपलेलं, आणि ठिपका आपला लुकलुक, लुकलुक. आत फ्रीज घरघरत होता. मी कान देऊन बसायला लागले. फाटक्या रबरातून गार हवा बाहेर, गरम हवा आत. बिचाऱ्याला दम घ्यायची सवडच नव्हती. दिवस बघत नव्हता, रात्र बघत नव्हता. एकदा अक्कांनी बर्फ खरवडायला तो बंद केला आणि ठिपकाही विझला. माझा पाय पायपट्टीवरच थांबला. सापडला चोर.

मी लगेच बोलले नाही. घरातल्या घरात बोलले असते तर पुन्हा मीटरच बिघडलेलं निघालं असतं. मला माणसं हवी होती. आणि माणसांतही एक खास माणूस हवं होतं.

अक्कांच्या नातवाचं नामकरण ठरलं. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, जेवणं झाली. अक्कांचे थोरले भाऊ, फ्रीज देणारे, ओसरीत लोडाला टेकून बसले होते. मी विषयच काढला नाही. अक्काच बोलल्या. भावाला सांगायला लागल्या, "बिलानं बेजार केलंय दादा. हिची ती मशीन..."

मी उठले. फ्रीजवरची फुलं उचलली, रुमाल उचलला, मोटार घेतली आणि सगळ्यांसमोर मशीनला बसवली. मग घरातलं एकूण एक बटण बंद केलं. फ्रीजची पिनही काढली. पाहुणे पदरानं आणि उपरण्यानं वारा घ्यायला लागले.

"मामा, त्या लाल ठिपक्याकडं बगा," मी म्हणाले.

मी मोटार चालवली. ठिपका एकदा लुकलुकला. एक लांब शिवण मारून झाली तेव्हा कुठं दुसऱ्यांदा. पाय उचलला, तसा तो मेल्यासारखा गप. मग आत जाऊन फ्रीजची पिन लावली आणि ओसरीत येऊन हात बांधून उभी राहिले. लुकलुक, लुकलुक, लुकलुक. सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, तरी ठिपका थांबेना.

अक्कांचे भाऊ ओशाळले. गडबडीत म्हणाले, "अक्का, ह्ये डबडं अजून ठिवलंस? अगं, त्या टायमाला सेकंडहँडच भेटला व्हता आमाला."

हे अक्कांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला मी अगदी जवळून पाहिला. हे मी मागितलं नव्हतं, फुकटात मिळालं. त्या दिवशी मी खीर दोनदा घेतली.

सासऱ्यांनी मग मीटरं वेगळी केली. ज्याची वीज त्यानं भरावी. माझ्या सुडाचा खरा बाजार तिथून सुरू झाला. परभणीला फ्रीजच्या दुकानात गेले, तर दुकानदार मला दारावरची फुलं दाखवायला लागला. मी म्हणाले, फुलं राहू द्या, लेबलावरच्या चांदण्या दाखवा. पाच चांदण्यांचा, आमच्या चुलीवरच्या माणसांना पुरेल एवढाच फ्रीज घेतला. लेबलावरचे वर्षाचे युनिट वाचले, लेबल कोणत्या सालचं तेही वाचलं. चांदण्यांचे नियम मधूनमधून कडक होतात, जुन्या सालच्या पाच चांदण्यांवर मी भाळणारी नव्हे. पंखे घेतले ते निम्म्याहून कमी वीज घेणारे. शिवायला नवी मशीन घेतली. तिची मोटार पाय दाबला तरच वीज घेते आणि आवाज जवळजवळ करत नाही. शेवटी आमच्या वाट्याच्या गच्चीवर सोलरच्या पाट्या बसवल्या. परभणीचं ऊन फुकट जात होतं, ते कामाला लावलं. आता आमचं बिल आलं की मीच ओसरीत बसून मोठ्यानं वाचते. वाचण्यासारखं त्यात फारसं नसतं, तरी सावकाश वाचते.

अक्कांनी जिद्दीनं दोन बिलं भरली. मग फ्रीज बंद केला. आता त्यात गोधड्या असतात. नाडी तीच.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा, सून आणि नातू पुण्याला गेले. घर खायला उठलं म्हणून अक्कांनी साड्यांना फॉल लावायचं काम धरलं आणि माझी जुनी मशीन मागितली. मी दिली. पुसून, तेल घालून दिली, पण मोटार काढून. ती आता माझ्या फ्रीजवर असते. क्रोशाचा रुमाल नाही, उघडीच. गार पाण्याला अक्का आत येतात तेव्हा समोर दिसते. तिला वीज किती लागते, हे आम्हां दोघींनाही ठाऊक आहे. मागितली तर देईन. त्या मागत नाहीत.

मशीन त्यांनी ओसरीत, त्याच कोपऱ्यात मांडली आहे. दुपारी मी माझ्या पंख्याखाली पडलेली असते. बाहेर खडखड चालू असते, मग मध्येच थांबते. कशानं थांबली, ते मला बघावं लागत नाही.

"अक्का, दुखायलंय का?" मी पडल्या पडल्या विचारते.

"न्हाई," त्या म्हणतात.

मीही न्हाईच म्हणायचे.